गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला का?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

मी ३८ वर्षांचा आहे. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. आमचं घर आजोबांपासून ख्रिस्ती. मी कॉयरमध्ये तबला वाजवतो. गेल्या वर्षी वडील गेले. मातीच्या वेळी सगळे म्हणत होते, ‘रडू नका, ते प्रभूजवळ गेलेत.’ मी रडलो नाही, भजनांना तबलाही वाजवला. त्यानंतर तीन-चार महिन्यांनी झोप उडाली, जेवण जाईना, मुलीवर विनाकारण ओरडायला लागलो. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या सुरू केल्या. दोनेक महिन्यांत बरंच बरं वाटलं. मग मेहुण्याच्या घरच्या प्रार्थनासभेत एका बंधूंनी विचारलं, ‘ज्याच्या अंतःकरणात ख्रिस्त आहे त्याला डिप्रेशन येतंच कसं? गोळ्या सोड, उपास-प्रार्थना कर.’ मी सोडल्या. तीन आठवडे झाले. चक्कर येते, रात्रभर जागा असतो. चर्चमध्ये बसतो, पण आत काही हलत नाही. सगळ्यांना शांती मिळते, मला का मिळत नाही? पुन्हा गोळी घेतली तर माझा देवावर भरवसा नाही असं होईल का? आईला यातलं काही माहीत नाही. बायकोला गोळ्या माहीत आहेत, सोडल्याचं माहीत नाही. उरलेल्या स्ट्रिप गाडीच्या डिकीत आहेत. कधी कधी वाटतं, रात्री झोपावं आणि सकाळी उठूच नये.

उत्तर

सलाम.

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यानंतर आहे. ‘उठूच नये’ असं वाटणं दोन तऱ्हेचं असतं. एकात माणूस इतका थकलेला असतो की त्याला सगळ्यातून सुटका हवी असते. दुसऱ्यात जीव संपवायचा विचार मनात घर करतो, कसं, कधी, हेही डोक्यात यायला लागतं. तुमचं यातलं कुठलं आहे, हे स्वतःला खरं खरं विचारा. दुसरं असेल तर हा लेख इथेच थांबवा आणि बायकोला आत्ता सांगा. आज रात्री एकटे राहू नका. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलचा अपघात विभाग रात्रंदिवस सुरू असतो, थेट तिथे जा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत देणाऱ्या सेवेचा, सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. पोलिसांचं लफडं होईल म्हणून अनेक घरांत ही गोष्ट दाबली जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ती भीती बरीच कमी केली आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं कायदा धरून चालतो आणि त्याच्यावर उपचार करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.

आणि तुमचं पहिल्या तऱ्हेचं असेल, तरी हे वाक्य जसंच्या तसं डॉक्टरांना सांगा. सौम्य करून सांगू नका.

आता गोळ्या. तीन आठवड्यांपूर्वी त्या एकदम बंद झाल्या आणि चक्कर, जाग, चिडचिड सुरू झाली. या प्रकारची बहुतेक औषधं दारू-तंबाखूसारखी तलफ लावत नाहीत, पण शरीर त्यांना सरावतं. ती हळूहळू कमी करायची असतात. अचानक तोडली की चक्कर, मळमळ, डोक्यात झटका बसल्यासारखं होणं, विचित्र स्वप्नं, असा त्रास होतो. मूळ आजारही उलटू शकतो. तुम्हाला आज जे होतंय त्यात औषध तोडल्याचा त्रास किती आणि आजार किती, हे डॉक्टरच तपासून सांगतील. पण एक गोष्ट मी सांगू शकते. या तीन आठवड्यांवरून तुमच्या विश्वासाची परीक्षा झाली आणि तुम्ही नापास झालात, असा निकाल कृपा करून लावू नका. प्रार्थना केली आणि तब्येत बिघडली, असं तुम्हाला वाटतंय. खरं तर औषध तोडलं आणि तब्येत बिघडली. त्याच आठवड्यांत तुम्ही प्रार्थना करत होतात, एवढाच दोन्हींचा संबंध.

डिकीतल्या स्ट्रिप काढून आज संध्याकाळपासून आपल्या मनानं सुरू करू नका. इतके दिवस खंड पडल्यावर काही औषधं पुन्हा कमी डोसपासून चढवावी लागतात. डॉक्टरांना फोन करा आणि ‘मी स्वतःहून बंद केल्या’ असं सरळ सांगा. ते रागावतील ही भीती सोडा, त्यांच्या खुर्चीसमोर हे रोज घडत असतं. आणि त्या स्ट्रिपवर आता विसंबू नका. उन्हात उभ्या गाडीची डिकी किती तापते हे फाउंड्रीतल्या माणसाला मी काय सांगू? त्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा.

तुम्हाला बरं वाटायला लागल्यावर गोळ्या थांबवाव्याशा वाटल्या, हे अगदी साहजिक आहे. पण तुमच्याच कामातलं बघा. रस ओतला, वरून घट्ट दिसला, म्हणून कोणी साचा लगेच फोडत नाही, आतलं निवायला वेळ द्यावा लागतो. या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. पूर्ण बरं वाटल्यावरही निदान सहा महिने, पुष्कळदा नऊ महिने ते वर्षभर ती चालू ठेवायला सांगतात. आजार उलटू नये यासाठी हा काळ असतो. किती दिवस घ्यायच्या हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं. ते माहीत नसलं की ‘जन्मभर मागे लागणार’ ही भीती माणसाला मध्येच औषध सोडायला लावते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. मीही याच मंडळीत वाढले आहे. मेहुण्याच्या घरच्या त्या सभेतला प्रश्न मी वेगवेगळ्या बैठकखोल्यांत, वेगवेगळ्या आवाजांत ऐकला आहे. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला तुम्ही बरे व्हायलाच हवे असता. पण त्या प्रश्नाखाली एक समजूत दडलेली आहे, की विश्वासणाऱ्याचं मन आजारी पडत नाही. ही समजूत पवित्र शास्त्रात कुठे आहे, हे मी मनापासून शोधलं आहे. मला ती सापडली नाही. सापडलं ते नेमकं उलट.

जुन्या करारातल्या १ राजेचा एकोणिसावा अध्याय काढा. एलीया संदेष्ट्याचं कर्मेल डोंगरावरचं यश आदल्याच अध्यायात आहे. स्वर्गातून अग्नी उतरलेला आहे, पाऊस आलेला आहे. त्याच्याइतका विश्वास कोणाचा? आणि लगेच पुढे हाच माणूस रानात एक दिवसाची वाट चालून जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि आता पुरे झालं, माझा जीव घे, असं देवाला म्हणतो. तुमचं शेवटचं वाक्य आणि हे वाक्य यांत फार अंतर नाही. देव त्याला काय उत्तर देतो ते बघा. तो रागावत नाही. कर्मेलची आठवण करून देऊन लाजवत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला शिवून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू असतो. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खाऊ घालतो, आणि म्हणतो की पुढची वाट तुला झेपणारी नाही. त्यालाही झेपत नाही हे स्वर्गातून मान्य केलं गेलं आहे. आधी झोप, अन्न, पाणी आणि वेळ. देवाचं बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर. आणि तिथेही शेवटी त्याला एकटं न ठेवता सोबतीला अलीशा दिला जातो.

मेहुण्यांच्या सभेत तुम्हाला उपास सांगितला. एलीयाला देवदूतानं दोनदा जेवू घातलं. जेवण जात नाही, झोप नाही, अशा माणसानं उपास करू नये, एवढं मी स्पष्ट सांगते. करायचाच असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी तुमच्या वतीनं करावा. तुम्ही जेवा.

कोणी तुम्हाला फिलिप्पैकरांस पत्रातलं ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे वचन ऐकवलंच असेल. ते वचन मलाही प्रिय आहे. पण ते चौथ्या अध्यायात आहे. त्याच पत्राचा दुसरा अध्याय मात्र सहसा कोणी वाचून दाखवत नाही. तिथे पौल आपला सहकारी एपफ्रदीत याच्याबद्दल लिहितो. तो आजारानं मरणाच्या दारी पोचला होता, देवानं त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल म्हणतो. मनाला शांती कशी लाभते हे लिहिणारा माणूस बंदिवासात बसून, त्याच कागदावर, आपण दुःखानं किती वाकलो असतो हेही लिहितो. एपफ्रदीताचा विश्वास कमी होता असं तो एका शब्दानं म्हणत नाही. उलट अशा माणसांना मान द्या असं सांगतो. पौलाच्या सोबत्यांत एक वैद्यही होता. कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी ‘प्रिय वैद्य लूक’ असा त्याचा सलाम आहे.

आणि आपण कोल्हापूरचे. आपल्याला तर हा प्रश्न पडायलाच नको होता. अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब १८५२ मध्ये इथे आले, शाळा निघाल्या, मंडळी उभी राहिली. त्याच मिशनचे डॉक्टर वानलेस मिरजेला आले आणि १८९४ मध्ये तिथलं हॉस्पिटल उघडलं. कोल्हापुरात मेरी वानलेस हॉस्पिटल झालं, वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम झालं, कोडोलीलाही मिशनचा दवाखाना होता. आपल्या आज्या-पणज्यांतल्या कितीतरी जणी या दवाखान्यांत नर्स होत्या. तिथे प्रार्थना व्हायची आणि ऑपरेशनही व्हायचं. एकामुळे दुसरं अडलं नाही. क्षयाला त्या काळात लोक किती लपवत, घराण्याला बट्टा म्हणत, आणि आपल्या मंडळीनं त्या रोग्यांसाठी खाटा टाकल्या. फुफ्फुसाच्या औषधाला जी मंडळी देवाची देणगी म्हणाली, तिनं मेंदूच्या औषधाला अविश्वास म्हणावं, याचं मला वाईट वाटतं. मनाचा आजारही शरीराला सोडून नसतो. म्हणून डॉक्टरांनी थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलं नसेल तर विचारा. थायरॉईड कमी असला तरी माणूस अगदी असाच खचतो.

औषधानं सगळं होईल असं मात्र मी म्हणणार नाही. वडील गेल्याचं दुःख गोळीनं जाणार नाही, आणि जाऊही नये. मातीच्या वेळी तुम्ही तबला वाजवत होतात, हे वाचून मी बराच वेळ थांबले. ज्या मुलानं बापाला माती द्यायची, त्याला कोणीतरी तबल्यावरून उठवून बायको-मुलीशेजारी बसवायला हवं होतं. मेलेल्या लाजराला आपण उठवणार आहोत हे येशूला ठाऊक होतं, तरी त्याच्या कबरेकडे जाताना तो रडला. पुनरुत्थानाची आशा आणि रडणं एका वेळी एकाच माणसात असू शकतं. वडिलांविषयी तुम्ही कोणाशी बोलला आहात का? ते कसे होते, काय राहून गेलं, कशाचा राग आहे? डॉक्टरांना समुपदेशकाचं नाव विचारा. औषध आणि बोलून केलेले उपचार मिळून पुष्कळांना नुसत्या औषधापेक्षा जास्त गुण येतो. आणि आईशी बोला. तिचाही नवरा गेला आहे. तिला त्रास नको म्हणून तुम्ही गप्प आहात, आणि कोण जाणे, तीही त्याच कारणानं गप्प असेल.

‘सगळ्यांना शांती मिळते, मला का नाही?’ असं तुम्ही विचारलंत. सगळ्यांना मिळते हे तुम्हाला कसं कळलं? साक्ष द्यायला उभं कोण राहतं? ज्याचं बरं झालं तो. जो अजून अडकलेला आहे तो मागच्या बाकावर बसून असतो, तुमच्यासारखाच, आणि तो तुमच्याकडे बघून समजतो की तबल्यावरच्या या माणसाचं किती छान चाललंय. दुसरं असं, की डिप्रेशनमध्ये जाणवणंच मंदावतं. आवडतं जेवण बेचव लागतं, मुलीला जवळ घेतलं तरी आत काही हलत नाही. म्हणून मुलीवरचं तुमचं प्रेम संपलं असं आपण म्हणतो का? मग उपासनेत काही जाणवलं नाही म्हणून देव दूर गेला असं का म्हणायचं? ज्या शांतीचं वचन आहे ती देवानं तुम्हाला धरून ठेवण्यात आहे. ती तुम्हाला दर रविवारी छातीत जाणवलीच पाहिजे, अशी अट मला त्या वचनात दिसत नाही. मला वाटतं, तुमच्यासारखी माणसं शांती मिळवण्यासाठी इतका जोर लावतात की त्यानंच आणखी थकतात.

म्हणून सध्या प्रार्थना लहान करा. एक वाक्य पुरे. वाचायचं तर स्तोत्र १३ वाचा, ‘किती वेळ’ या प्रश्नानं सुरू होणारं. नाहीतर स्तोत्र ८८. ते तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ज्यांनी ते शास्त्रात राहू दिलं त्यांना तुमच्यासारखी रात्र माहीत होती. तेवढीही ताकद नसेल त्या दिवशी दुसऱ्यांना करू द्या. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघं उचलून आणतात, छप्पर उसकटून खाली सोडतात, आणि येशू ‘त्यांचा’ विश्वास पाहतो. बाजेवरचा माणूस तोंडातून एक शब्द काढत नाही.

तबल्याचं काय? तुम्ही विचारलं नाहीत, पण तो प्रश्न पत्रात आहे. आत काही नसताना वाजवणं म्हणजे ढोंग, असं तुम्हाला वाटत असेल तर तसं ते नाही. हात वाजवू शकत असतील तर वाजवा. तालमीचा दिवस ठरलेला असतो, चार माणसं भेटतात, त्याचा उपयोग होतो. ओझं होत असेल तर कॉयरमास्तरांना ‘दोन महिने तब्येतीमुळे सुट्टी’ एवढंच सांगा आणि खुशाल मागच्या बाकावर बसा. कारण सांगायची सक्ती तुमच्यावर नाही. पाळकसाहेबांना मात्र सांगा, ते ऐकून घेणारे असतील तर. कसे आहेत हे तुम्हाला माहीत. पहिल्या भेटीत बायकोला बरोबर न्या आणि सुरुवातीलाच म्हणा, ‘औषध सुरू आहे आणि सुरू राहणार आहे. मला त्यासोबत तुमची प्रार्थना हवी आहे.’ क्रम असा ठेवला की वाद उरत नाही.

मेहुण्यांच्या सभेला निदान बरे होईपर्यंत जाऊ नका. भांडण नको, ‘शिफ्ट जमत नाही’ म्हणा हवं तर. पण आग्रह झाला तर एक वाक्य तयार ठेवा: ‘माझ्या औषधाचा निर्णय मी आणि डॉक्टर घेतो.’ पुढे वचनांची झटापट करू नका, आजारी माणसाला ती झेपत नाही.

शिफ्टचा विषय निघालाच आहे. तुमच्याकडे दर आठवड्याला शिफ्ट बदलत असेल तर झोपेची घडी बसणं अवघड आहे, आणि झोप नसेल तर हा आजार हटत नाही. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन काही महिने दिवसपाळी मागा. चिठ्ठीवर आजाराचं नाव हवंच असं नाही, ‘वैद्यकीय कारणास्तव’ एवढं चालतं का ते आधी विचारा. सकाळी रंकाळा तलावाला एक फेरी, जोडीला कोणीतरी असेल तर उत्तमच. दारू घेत असाल तर पूर्ण बंद. औषधाबरोबर ती चालत नाही, आणि झोप येते असं वाटलं तरी ती झोप मोडते. खासगी डॉक्टरांचा खर्च जड होत असेल तर सीपीआरमध्ये केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येतं. मेडिक्लेम असेल तर पॉलिसी नीट वाचा. २०१७ च्याच कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शरीराच्या आजारासारखाच धरायला सांगितलं आहे.

हे वाचणाऱ्या वडीलमंडळींना आणि घरोघरी सभा घेणाऱ्या बंधुभगिनींनाही माझी विनंती आहे. आजारी माणसासाठी जरूर प्रार्थना करा, याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे तेल लावून करा. पण ‘औषध सोड’ हे तीन अक्षरी-दोन अक्षरी शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. तो सोडतो, कारण त्याचा तुमच्यावर विश्वास असतो. प्रार्थना झाल्यावर त्याला विचारा, ‘डॉक्टरांची तारीख कधी आहे? गाडीवर सोडू का?’

तुमच्यासाठी आता पहिलं काम बायकोशी बोलायचं. मुलगी झोपल्यावर, आजच. गोळ्या सोडल्या, स्ट्रिप डिकीत आहेत, आणि ते उठू नये वाटण्याचं वाक्य, तिन्ही सांगा. त्या चिडतील कदाचित, मग रडतील. दोन्ही चालेल. उद्या सकाळी डॉक्टरांची वेळ घ्या आणि जाताना त्यांना बरोबर न्या. तुम्ही रात्री किती वेळ जागे असता, किती जेवता, कधीपासून बोलायचे थांबलात, हे तुमच्यापेक्षा त्या नीट सांगतील.